गाडी मागे घेऊन का लावतात?

कोणत्याही मोठ्या वाहनतळावर दोन पंथांचे चालक दिसतात. पहिल्या पंथाचा चालक येतो, रिकाम्या जागेत सरळ गाडीचे तोंड घालतो, इंजिन बंद करतो आणि कामाला निघून जातो. दुसऱ्या पंथाचा चालक रिकाम्या जागेवरून थोडा पुढे जातो, थांबतो, मान मागे वळवतो आणि मागची रांग हॉर्न वाजवत असताना गाडी हळूहळू उलटी आत घेतो. पहिल्याला वाटते, हा उगाच वेळ खातो आहे. दुसऱ्याला वाटते, याला बाहेर पडताना कळेल.

हा स्वभावाचा किंवा सवयीचा भाग आहे असे म्हणून आपण विषय सोडून देतो. पण त्याच्या मुळाशी भूमितीचा एक साधा प्रश्न आहे, आणि त्या प्रश्नाला मोटारगाडीपेक्षाही जुना इतिहास आहे. चार चाकांची गाडी वळवायची कशी, हा तो प्रश्न. अठराव्या शतकात घोडागाड्यांच्या कारागिरांनी त्याचे जे उत्तर शोधायला सुरुवात केली, त्याचाच परिणाम म्हणून आज काही चालक मान मागे वळवून गाडी लावतात.

बैलगाडीला हा प्रश्न पडत नाही. तिला एकच आस आणि दोन चाके. दोन्ही चाके आसावर स्वतंत्रपणे फिरतात, त्यामुळे बैल वळले की एक चाक जवळजवळ जागच्या जागी राहते आणि दुसरे त्याच्याभोवती फेरी मारते. टांग्याचेही तसेच. अडचण सुरू होते ती दुसरा आस आला की. दोन्ही आस गाडीला पक्के जोडले, तर गाडी फक्त सरळ जाईल. वळवायचा प्रयत्न केला तर चाके फिरण्याऐवजी जमिनीवर घासत आडवी ओढली जातील.

यावर जुना तोडगा असा, की पुढचा आस मधोमध एका खिळ्यावर बसवायचा आणि चाकांसकट अख्खा फिरवायचा. मुंबईच्या रस्त्यांवर दीर्घकाळ धावलेल्या व्हिक्टोरिया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्यांची पुढची चाके मागच्यांपेक्षा बरीच लहान असत हे आठवत असेल. ती शोभेसाठी तशी नव्हती. आस फिरला की चाक गाडीच्या सांगाड्याखाली शिरते, त्याला तेथे शिरता यावे म्हणून ते लहान ठेवावे लागे.

या तोडग्यात दोन दोष होते. चार चाकांवर उभ्या असलेल्या गाडीचा पाया म्हणजे जमिनीवरचा एक आयत. पुढचा आस जसजसा फिरतो, तसतशी पुढची दोन चाके मधल्या रेषेच्या जवळ येतात आणि आयताचा जवळजवळ त्रिकोण होतो. नेमक्या वळणावर, म्हणजे गाडीला बाहेर फेकणारा जोर जास्त असतो तेव्हाच तिचा पाया अरुंद होतो आणि ती उलटण्याचा संभव वाढतो. दुसरा दोष असा, की एका चाकाला दगड लागला तर तो धक्का अर्ध्या आसाएवढ्या लांब तरफेने अख्खा आस फिरवू पाहतो. पुढे दोन घोडे असतील तर ते हा धक्का सोसतात. माणसाच्या हाताला तो सोसत नाही.

एक डॉक्टर, एक कारागीर आणि एक चित्रविक्रेता

इंग्लंडमधील लिचफील्ड येथे इरॅस्मस डार्विन नावाचे एक डॉक्टर होते. उत्क्रांतिवादी चार्ल्स डार्विनचे हे आजोबा. रोगी पाहण्यासाठी त्यांना खराब रस्त्यांवरून घोडागाडीने सतत हिंडावे लागे, त्यामुळे गाडी उलटण्याची भीती त्यांच्या दृष्टीने पुस्तकी नव्हती. १७५८ च्या सुमारास त्यांनी अशी रचना सुचवली, की पुढचा आस जागचा हलवायचाच नाही. त्याच्या दोन टोकांना दोन वेगळ्या खुंट्या बसवायच्या आणि प्रत्येक चाक आपापल्या खुंटीवर वळवायचे. असे केले की वळणावरही गाडीचा पाया आयतच राहतो. डार्विननी या कल्पनेचे पेटंट घेतले नाही. पुढे १७६८ मध्ये गाडीतून फेकले जाऊन त्यांच्या गुडघ्याची वाटी फुटली आणि ते कायमचे लंगडू लागले. एकंदरीत, गाडीच्या स्थैर्याचा विचार ज्याने करावा असा हा माणूस होता!

तीच कल्पना म्युनिकचा गाड्या बांधणारा कारागीर गेओर्ग लांकेनस्पेर्गर याने १८१७ मध्ये स्वतंत्रपणे प्रत्यक्षात आणली. इंग्लंडमध्ये त्याच्या वतीने पेटंट घेतले ते रूडॉल्फ आकरमान याने, १८१८ मध्ये. आकरमान जर्मनीतून लंडनला येऊन स्थायिक झालेला, तरुणपणी गाड्यांचे नमुने काढणारा आणि पुढे चित्रे व पुस्तके विकून नावारूपाला आलेला गृहस्थ. नौसेनापती नेल्सनच्या अंत्ययात्रेचा रथ त्यानेच रेखाटला होता. आज जगातल्या सर्व अभियांत्रिकी पुस्तकांत या रचनेला आकरमानचे नाव आहे. लांकेनस्पेर्गरचे नाव फार थोड्यांना ठाऊक असते. विज्ञानाच्या इतिहासात पेटंटच्या कागदावर सही करणारा असा अनेकदा पुढे निघून गेला आहे.

आता या रचनेची भूमिती पाहू, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. फिरणारे चाक घासत नसेल, तर ते आपल्या आसाच्या काटकोनातच पुढे जाते. म्हणून वर्तुळात वळणाऱ्या गाडीच्या प्रत्येक चाकाचा आस वाढवला, तर तो त्या वर्तुळाच्या केंद्रातून गेला पाहिजे. मागचा आस पक्का असल्याने केंद्र मागच्या आसाच्या वाढवलेल्या रेषेवरच कोठेतरी असणार. पुढच्या दोन चाकांचे आसही त्याच बिंदूत मिळवायचे असतील, तर आतल्या चाकाला बाहेरच्या चाकापेक्षा जास्त वळावे लागेल. दोन्ही चाके सारखीच वळवली तर त्यांपैकी एक नक्की घासणार. पॅरिसचा गाड्या बांधणारा शार्ल झांतो याने १८७८ च्या सुमारास ही अट आकृतीने स्पष्ट केली, आणि जोडदांडे थोडे तिरपे बसवून ती जवळजवळ पूर्ण कशी करता येते हे दाखवले.

आपल्या परिचयाचे उदाहरण घेऊ. १९८३ ते २०१४ या काळात तयार झालेल्या मारुती ८०० या गाडीच्या पुढच्या व मागच्या आसांतील अंतर २.१७५ मीटर होते, आणि वळण-त्रिज्या, म्हणजे बाहेरच्या पुढच्या चाकाने काढलेल्या सर्वांत लहान वर्तुळाची त्रिज्या, ४.४ मीटर. पायथागोरसच्या प्रमेयाने बाहेरच्या मागच्या चाकाची त्रिज्या ३.८ मीटरच्या आसपास येते. दोन चाकांतील आडवे अंतर सुमारे १.२ मीटर धरले, तर आतले मागचे चाक केंद्रापासून फक्त २.६ मीटरवर असते आणि आतले पुढचे ३.४ मीटरवर. याचा अर्थ, पूर्ण वळणात मागचे चाक पुढच्या चाकापेक्षा जवळजवळ ८० सेंटिमीटर आतून जाते. कोन काढले तर बाहेरचे पुढचे चाक सुमारे ३० अंशांनी व आतले ४० अंशांनी वळलेले असते. दहावीच्या विद्यार्थ्यांना त्रिकोणमितीचा हा चांगला सराव होईल.

जो भाग वळत नाही, तो आधी आत

मागची चाके आतून का जातात, हे दाखवायला गाडीची गरज नाही. सायकलची दोन्ही चाके पाण्यात बुडवून कोरड्या फरशीवर वळण घ्यावे. दोन ओल्या रेषा उमटतात. मागच्या चाकाची रेषा नेहमी आतल्या बाजूला आणि लहान. ट्रक किंवा एस. टी. बस अरुंद चौकात वळण्याआधी उलट दिशेला थोडी बाहेर का जाते, याचे उत्तर या दोन रेषांत आहे.

यापुढचा प्रयोग पुठ्ठ्याचा. एकास वीस या प्रमाणात १६.७ सेंमी लांब आणि ७.२ सेंमी रुंद आयत कापावा. ही आपली मारुती. मागच्या कडेपासून अंदाजे २.५ सेंमीवर मागच्या आसाची आडवी रेषा काढावी. तिच्यावर पुठ्ठ्याची एक अरुंद पट्टी चिकटवून ती एका बाजूला वाढवावी, आणि गाडीच्या मध्यरेषेपासून १६ सेंमीवर पट्टीत टाचणी टोचावी. ही टाचणी म्हणजे वर्तुळाचे केंद्र. आता गाडी टाचणीभोवती फिरवून तिचे सर्वांत आतले आणि सर्वांत बाहेरचे टोक कोठून जाते ते पेन्सिलीने काढावे. दोन वर्तुळांमधला पट्टा मोजला तर तो जवळजवळ १२ सेंमी, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे २.३५ मीटर भरेल. गाडी १.४४ मीटर रुंद आहे, पण वळताना तिला यापेक्षा ९० सेंटिमीटर अधिक रुंद रस्ता लागतो. शिवाय हा वाढीव भाग सारखा वाटलेला नाही. आतला पट्टा मागच्या आसाजवळची बाजू कापते, आणि बाहेरचा पट्टा पुढचा कोपरा झाडून काढतो.

अडीच मीटर रुंदीची, दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असलेली जागा घ्या. तोंड आत घालून शिरताना पुढची चाके चटकन दोन गाड्यांच्या मध्ये येतात. पण मागचा आस अजून बाहेर आहे, आणि तो आतून कापत येणार असल्याने आपल्या गाडीची बाजू शेजारच्या गाडीच्या कोपऱ्यावर जाऊन टेकते. ते टाळायचे तर पुढची चाके उलट बाजूला वळवावी लागतील, आणि तिकडे वळायला आता जागा नाही. म्हणून आधीपासूनच लांबून, रुंद वळसा घेऊन यावे लागते. समोरचा रस्ता अरुंद असेल तर ते जमत नाही.

मागे घेताना नेमके उलटे होते. न वळणारा आस आधी शेजारच्या कोपऱ्याच्या आत जातो. जो भाग झोके घेतो तो, म्हणजे पुढचा भाग, अजून मोकळ्या रस्त्यावर आहे. त्याला हवे तितके झुकता येते. अरुंद जागेत घालायचा तो न वळणारा भाग, आणि मोकळ्या जागेत ठेवायचा तो वळणारा भाग: उलट्या पंथाच्या चालकाने हे सूत्र कधी शब्दांत मांडलेले नसते, पण त्याच्या हातांना ते ठाऊक असते.

यात एक गंमत आहे. तोंड पुढे करून बाहेर पडणाऱ्या गाडीचे चलच्चित्र उलटे फिरवले, तर ती मागे घेऊन आत येणारी गाडी दिसेल. दोन्हींचा मार्ग एकच. तसेच तोंड घालून आत येण्याचा मार्ग आणि मागे घेत बाहेर पडण्याचा मार्ग एकच. म्हणजे प्रत्येक चालकाला एकदा पुढे आणि एकदा मागे जावेच लागते. सुटका कोणालाच नाही. निवड आहे ती एवढीच, की मागे जाण्याचे काम येताना करायचे की जाताना, आणि अरुंद वळणाची जोडी घ्यायची की रुंद वळणाची.

निघण्याची तयारी येतानाच करून ठेवावी, हा विचार मात्र मोटारगाडीपेक्षा कितीतरी जुना आहे. प्राचीन ग्रीक लोक आपल्या नौका किनाऱ्यावर ओढून घेत त्या मागचे टोक जमिनीकडे करून. नाक समुद्राकडे असे. अग्निशमन दलाचे बंबही केंद्रात उलटे लावून ठेवलेले असतात, कारण घंटा वाजल्यावर मान मागे वळवायला कोणाला सवड नसते.

पुढचीच चाके का?

येथे चाणाक्ष विद्यार्थी विचारील, की मग मागचीच चाके वळती का केली नाहीत? गाडी लावणे किती सोपे झाले असते! गोदामांत माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टची मागची चाके वळतात, आणि ती अरुंद वाटेत झटकन फिरते, हेही खरे.

मोटारगाडीच्या आरंभकाळात वळण्याचा प्रश्न खरोखर अवघड होता. फ्रान्समध्ये ल मां येथील आमेदे बोले याने १८७३ मध्ये बारा माणसे बसतील अशी वाफेची गाडी बांधली आणि पुढच्या प्रत्येक चाकाला वेगळी खुंटी दिली. गाडी इतकी सहज वळे की तिचे नावच त्याने ‘आज्ञाधारक’ या अर्थाचे ठेवले. पण १८८६ मध्ये पेटंट मिळालेली कार्ल बेंझची पेट्रोलवर चालणारी गाडी तीन चाकांची होती. पुढे एकच चाक ठेवले की दोन चाकांचे कोन जुळवण्याची कटकटच राहत नाही. चार चाकांची, खुंट्यांवर वळणारी गाडी बेंझने काढली ती १८९३ मध्ये. त्याच्या त्या पहिल्या गाडीला मागे जाण्याची सोयही नव्हती. मागे न्यायची तर उतरून ढकलायची. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टी मध्ये मात्र मागे जाण्यासाठी स्वतंत्र पायटा होता. पेट्रोल टाकीतून केवळ गुरुत्वाकर्षणाने इंजिनात येत असल्याने तीव्र चढावर त्या गाडीचा पुरवठा तुटे, आणि मग चालक गाडी उलटी फिरवून मागच्या मागे डोंगर चढत.

मागची चाके वळती करण्याचा धाडसी प्रयोग अमेरिकेत १९३३ मध्ये बकमिन्स्टर फुलर यांनी केला. भूमितीय घुमटांमुळे पुढे प्रसिद्ध झालेले हेच ते फुलर. त्यांच्या ‘डायमॅक्सिअन’ गाडीला पुढे दोन चाके आणि मागे एकच, वळणारे चाक होते. ती जवळजवळ स्वतःच्या लांबीत फिरे. नाक फूटपाथला लावून शेपूट आत ओढून घेई. लोक थक्क होत. मात्र २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाजवळ ती उलटली आणि चालक मरण पावला. त्या अपघातात दुसऱ्या एका गाडीचाही संबंध होता, त्यामुळे सगळा दोष मागच्या चाकाला देणे बरोबर होणार नाही. पण वेगात आणि वाऱ्यात ही गाडी सांभाळणे कठीण होते, आणि अशा फक्त तीन गाड्या बांधल्या गेल्या.

असे का व्हावे? पुढची चाके वळतात तेव्हा मागचा आस गाईमागून वासरू यावे तसा आपोआप रांगेत येतो. चालकाच्या हातून लहानशी चूक झाली तरी ती पुढच्या काही मीटरांत विरून जाते. मागची चाके वळणारी गाडी, किंवा उलटी जाणारी कोणतीही गाडी, हा नियम उलटवते: चूक विरण्याऐवजी वाढत जाते आणि ती सतत दुरुस्त करावी लागते. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर कोणी मागे घेताना पाहिला असेल, तर यापेक्षा अधिक सांगायला नको. शिवाय मागून वळणाऱ्या गाडीला डावीकडे जायचे असेल तर तिचे शेपूट आधी उजवीकडे फेकले जाते. भिंतीला चिकटून उभी असेल तर ती भिंतीपासून सुटूच शकत नाही.

थोडक्यात, सरळ रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगाने निर्धास्त जाता यावे म्हणून आपण पुढची चाके निवडली, आणि त्याची किंमत वाहनतळावर मोजतो. गाडी मागे घेणारा चालक दोन मिनिटांपुरती आपल्या गाडीची फोर्कलिफ्ट करून घेतो. त्या वेळी वेग चालण्याइतका असल्याने वाढत जाणारी चूक सांभाळता येते.

ही किंमत चुकवण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. कॅलिफोर्नियातील ब्रूक्स वॉकर याने गाडीच्या मागच्या बाजूला आडवे पाचवे चाक बसवले; ते खाली उतरवले की मागचा भाग उचलला जाऊन खेकड्यासारखा बाजूला सरके. १९५० च्या दशकात त्याची प्रात्यक्षिके गाजली, पण हे चाक कोणत्याही कारखान्याने आपल्या गाड्यांना बसवले नाही. १९८७ मध्ये होंडाने प्रेल्यूड या गाडीत चारही चाके वळती केली: स्टिअरिंग थोडे फिरवले तर मागची चाके पुढच्यांच्याच दिशेने वळत, आणि खूप फिरवले, म्हणजे गाडी लावताना, तर उलट दिशेने. वेगासाठी एक रीत आणि वाहनतळासाठी दुसरी, असा तो चतुर मेळ होता.

गणितज्ञांनाही या प्रश्नाची भूल पडली. फक्त पुढे जाऊ शकणाऱ्या आणि ठरावीक त्रिज्येपेक्षा आत न वळणाऱ्या वाहनाचा सर्वांत जवळचा मार्ग कोणता, हे १९५७ मध्ये लेस्टर डुबिन्स यांनी सिद्ध केले. मागेही जाता येणाऱ्या गाडीसाठी हा प्रश्न रीड्स आणि शेप यांनी १९९० मध्ये सोडवला. त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे, मोकळ्या मैदानात कोठूनही कोठेही आणि कोणत्याही दिशेला तोंड करून पोचायचे असले, तरी सर्वांत जवळच्या मार्गात पुढचे-मागे किंवा मागचे-पुढे असा बदल दोनपेक्षा जास्त वेळा करावा लागत नाही. २००३ मध्ये टोयोटाने जपानमध्ये आपणहून स्टिअरिंग फिरवून जागेत शिरणारी प्रियस विकायला काढली. तीही जागेत शिरे ती मागे घेऊनच.

न दिसणारी बाजू

भूमितीने उलट्या पंथाची बाजू घेतली, पण माणसाचे डोळे पुढे असतात ही गोष्ट भूमितीत येत नाही. १९०९ मध्ये ‘द वूमन अँड द कार’ या पुस्तकात डोरोथी लेव्हिट या इंग्रज महिला चालकाने मागचे पाहण्यासाठी हातात एक छोटा आरसा ठेवावा असे सुचवले होते. १९११ च्या इंडियानापोलिसच्या शर्यतीत रे हॅरून याने गाडीवरच आरसा बसवला आणि शर्यत जिंकली. पण आरशात मागची काच जेवढे दाखवते तेवढेच दिसते. मागच्या दाराखाली, डिकीला लागून उभे असलेले लहान मूल त्यात येत नाही. गाडी जितकी उंच, तितका हा आंधळा भाग मोठा.

अमेरिकेत २००२ मध्ये दोन वर्षांचा एक मुलगा घराच्या आवारात वडिलांच्याच मागे येणाऱ्या गाडीखाली सापडून गेला. २००८ मध्ये तेथे त्याच्या नावाने कायदा झाला, आणि त्यानुसार मे २०१८ पासून तेथील प्रत्येक नव्या मोटारीला मागचा तीन मीटर रुंद व सहा मीटर लांब भाग दाखवणारा कॅमेरा सक्तीचा झाला. नियम करताना सरकारी यंत्रणेने दिलेला अंदाज असा होता: मागे येणाऱ्या मोटारींखाली सापडून त्या देशात दरवर्षी सरासरी २१० माणसे मरतात आणि १५,००० जखमी होतात. मृतांपैकी ३१ टक्के पाच वर्षांखालील मुले आणि २६ टक्के सत्तरी ओलांडलेली माणसे. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचा अडथळा ओळखून आवाज करणारे सेन्सर सक्तीचे झाले.

या आकड्यांवरून मागे जाणे मुळातच वाईट असा अर्थ कोणी काढील. पण मागे जाणे टळत नाही, हे आपण वर पाहिले. प्रश्न ते कोठे करायचे एवढाच आहे. येताना मागे घेणारा चालक ज्या जागेत मागे जातो, ती त्याने काही सेकंदांपूर्वीच समोरून पाहिलेली असते. तेथे माणसे येत-जात नसतात, आणि गाडी थांबवलेली नसल्याने त्याचे लक्षही रस्त्यावर असते. जाताना मागे घेणारा चालक दोन गाड्यांच्या आडून, अर्ध्या तासापूर्वी पाहिलेल्या आणि आता पूर्ण बदललेल्या रस्त्यावर पाठ करून येतो. तो रस्ता माणसांचा असतो.

अपवाद आहेत. डिकीत सामान भरायचे असेल तर ती भिंतीकडे लावून चालत नाही. जेथे रेषा तिरप्या आखल्या आहेत, तेथे गाडी रेषा सांगतील तशीच लावायची. सिॲटलसारख्या काही अमेरिकी शहरांत मात्र तिरप्या रेषा मुद्दाम उलट्या आखून मागे घेऊनच गाडी लावायला सांगितले आहे. आणि शाळेच्या आवारात, जेथे घंटा होताच चारी बाजूंनी मुले धावत सुटतात, तेथे पाहुण्यांच्या गाड्या घंटेआधी लावून होतील आणि नाके बाहेर राहतील अशी व्यवस्था करणे शाळेच्या हातात असते. खडूच्या चार रेषा आणि फाटकावरची एक सूचना एवढाच त्याचा खर्च.

कॅमेरा असलेल्या अनेक गाड्यांत मागे घेताना पडद्यावर दोन रंगीत रेषा दिसतात. स्टिअरिंग फिरवले की त्या वाकतात. गाडी कोठून जाईल हे त्या दाखवतात, आणि त्यासाठी संगणक स्टिअरिंगच्या कोनावरून एक बिंदू काढतो: मागच्या आसाच्या वाढवलेल्या रेषेवरचा, आपल्या पुठ्ठ्याच्या पट्टीत टाचणी होती तेथला.